दुधाचा हिशेब चावडीवर येऊ द्या



ऊसनोंदीसाठी आम्ही शिवारात हिंडतो तेव्हा बांधावर उसाची गोष्ट पाच मिनिटांत संपते आणि दुधाची सुरू होते. "सायब, दूध परवडंना बगा." लातूरकडच्या गटांत हेच ऐकतो, नांदेडकडच्या गटांतही हेच. का परवडत नाही, असे विचारले की बहुतेक जण दराकडे बोट दाखवितात. लिटरमागे आपला खर्च किती पडतो, हे सांगणारा मात्र क्वचित भेटतो.

उसात आपण असे नाही. को ८६०३२ चे बेणे एका शेतात उतरले की पुढल्या हंगामात शेजारच्या चार शेतांत दिसते. पट्टा पद्धत, ठिबक, पाचट न जाळणे या गोष्टी आमच्या भाषणांनी पसरल्या नाहीत. शेजाऱ्याचा ऊस पाहून पसरल्या. गोठ्याचे दार मात्र आपण लावून घेतले आहे. एका सभासदाकडे दोन वर्षांपासून मक्याचा मुरघास होतो आणि त्याच गल्लीतला दुसरा चैत्रात मागेल त्या भावाने कडबा घेतो. पहिल्याला आम्ही विचारले, तर म्हणाला, "न सांगायचं काय, कुणी इचारलंच न्हाई. आन् आपण होऊन सांगावं तर म्हंतेत, ह्यो लई शहाना झाला."

हा संकोच आता परवडणारा नाही, कारण बाजार बदलला आहे. उदगीरची शासकीय दूध भुकटी योजना चालू होती तो काळ जुन्या सभासदांना आठवत असेल. ती बंद पडली. पुढे खासगी संकलन वाढले. २०१६ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ व मदर डेअरी यांच्या विदर्भ-मराठवाडा प्रकल्पात आपले दोन्ही जिल्हे आले. घेणारे वाढले, पण दर हलताच राहिला. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील हॉटेले व मिठाईची दुकाने बंद झाली आणि इथे खेड्यात दुधाचा भाव पडला. २०२४ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा जनावराच्या कानात बिल्ला, त्याची नोंदणी आणि बँक खाते ही कागदपत्रे ज्याची वेळेत झाली त्यालाच ते मिळायचे. शेजारी शेजाऱ्याला सांगता, तर कोणी मागे राहिले नसते.

दरासाठी झगडू नये, असे आम्ही म्हणत नाही. झगडलेच पाहिजे. पण झगडायलाही आकडा लागतो. समजा, दोन घरी १०-१० लिटरची एकेक गाय आहे. एकाचा लिटरमागे खर्च २४ रुपये, दुसऱ्याचा ३१. दर २८ वर आला की पहिल्याला दिवसाचे ४० रुपये सुटतात, दुसऱ्याच्या पदरचे ३० जातात. दोघांचा दर एकच! हे ७ रुपये कुठे गळतात, ते पहिल्याच्या गोठ्यात बसल्याशिवाय दुसऱ्याला कळायचे नाही.

गोष्टी साध्या असतात. हंगामात नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवले तर वाढ्यांतले ऑक्झॅलेट अंगातला चुना खाते. म्हणून सोबत खनिज मिश्रण व इतर चारा हवा. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. लगेच वैरण टाकली तर गाय उभी राहते आणि कासेच्या दगडीचा धोका कमी होतो. गाभण राहायला उशीर झाला तर भाकड दिवसांचा खर्च दुधाच्या दिवसांवर बसतो. हे जाणणारे प्रत्येक गावात दोन-तीन जण आहेत. बाकीचे पैसे मोजून शिकत आहेत.

यात आमचीही चूक आहे, ती सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शिवारफेरीत आम्ही संकरित गाईंचे तोंड भरून कौतुक केले. दूध किती, तेवढेच सांगितले. तिला सावली किती लागते, पाणी किती लागते, हे सांगायचे राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात कर्ज काढून घेतलेल्या गाई निम्म्या किमतीत सोडताना आमच्या ओळखीची माणसे आम्ही पाहिली. देवणी व लाल कंधारी या आपल्याच मातीतल्या जाती; दूध कमी देतात, पण ऊन आणि कोरडा चारा सोसतात. कोणी कोणती पाळावी हे ज्याच्या त्याच्या पाण्यावर ठरावे. पण दोन्ही बाजू आम्ही मांडायला हव्या होत्या.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गावात दहा घरांनी एक वही घालावी. लिटर, फॅट व एसएनएफ, विकतची पेंड, घरच्या चाऱ्याची किंमत, डॉक्टरचा खर्च, विण्याची तारीख, एवढेच लिहावे. दुधाचा दर तिसरा पगार झाला की एकेका गोठ्यात बसावे आणि वह्या उघडाव्यात. जमले ते तर सांगावेच, फसले तेही प्रत्येकाने एक तरी सांगावे. आणि बैठकीला घरच्या बायकांना बोलवावेच. धार त्या काढतात, आजार आधी त्यांना कळतो; त्या नसतील तर तिथे नुसत्या गप्पा होतील.

कोणी म्हणेल, कारखान्याचे काम उसाचे, दुधाची उठाठेव कशाला? वारणेला साखर कारखान्याच्याच सावलीत १९६८ साली दूध संघ उभा राहिला. आपण एवढे मोठे मागत नाही. उसाचे बिल येईपर्यंत घरातले मीठ-मिरची दुधावर चालते आणि शेणखत पुन्हा उसालाच जाते. येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी एवढेच मागावे की महिन्यातला एक दिवस शेतकी खात्याचा माणूस या बैठकीस मिळावा आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील जाणकारांना वर्षातून दोनदा पाचारण करावे.

वही मात्र सभेची वाट न पाहता उद्याच घालावी. पहिल्या बैठकीला आमची चूक आम्ही पुन्हा सांगू. मग तुम्ही तुमची सांगा.

— ऊस विकास अधिकारी