जिऱ्याचा दशांश

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें कीं आमच्या घरोघर दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, बाईंनीं स्वधर्म सोडला, तेथेंच त्यांचा हिशेब संपला. दुसरा म्हणतो, बाईंस ख्रिस्ताचें तारण लाभलें, तेथेंच त्यांची हकीकत पूर्ण झाली. दोघांच्याहि मतें २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाईंचा बाप्तिस्मा झाला आणि प्रश्न मिटला. आमचें म्हणणें असें कीं खरा प्रश्न त्या दिवसानंतरच उभा राहिला. आणि तो ज्यांनीं उभा केला ते बाईंचे शत्रु नसून त्यांच्या नव्या धर्माचींच माणसें होतीं.

वाँटेजचा भगिनीसंघ हा अँग्लिकन चर्चमधील व्रतस्थ स्त्रियांचा. १८७७ पासून या संघाच्या भगिनी पुण्यांत काम करीत होत्या. तेथेंच बाईंची त्यांची ओळख पडली, आणि त्या ओळखीच्या आधारावर विधवा रमाबाई लहानग्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. संघांतील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. बाई त्यांस पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. या नात्यांत जिव्हाळा होता हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों. कारण पुढील गोष्ट दुष्टांची नाहीं. दुष्टांवर लेख लिहिण्याचें आम्हांस प्रयोजनहि वाटत नाहीं.

बाई मांस खात नसत, आणि अंडें घातलेलें पुडिंगहि त्यांस चालत नसे. झालें! एवढ्यावरून आजीबाईंनीं निदान केलें कीं शिष्येच्या मनांतील जातीचा अहंकार अद्याप गेलेला नाहीं. ज्या चर्चमध्यें लेंटचे चाळीस दिवस उपवासाचे म्हणून पाळतात, त्या चर्चच्या व्रतस्थ स्त्रीनें दुसरीच्या ताटाकडे पाहून तिच्या आत्म्याचा ताळेबंद मांडावा, ही मौज पाहण्यासारखी आहे. आपला उपवास ती भक्ति, दुसऱ्याचा तो अहंकार! पुढें क्रूसाचा वाद निघाला. क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. बाईंचें म्हणणें थोडक्यांत असें कीं न समजणाऱ्या लॅटिनला चिकटून राहण्यापेक्षां आपल्या देशाची संस्कृत काय वाईट? यांतहि आजीबाईंस ताठाच दिसला. त्रैक्याच्या मताविषयीं बाईंनीं शंका विचारल्या, मनोरमेस तें मत इतक्या लहानपणीं पढवूं नये अशीहि इच्छा दर्शविली. तेव्हां प्रमाणांपेक्षां आज्ञाधारकपणाचाच उपदेश त्यांस अधिक मिळाला. बाईंनीं साफ कळविलें कीं हिंदुस्थानांतील पुरोहितांचें जूं आपण मोठ्या कष्टानें झुगारलें आहे, तसलेंच दुसरें मानेवर घेण्याची आपली तयारी नाहीं.

परंतु या सर्वांवर कळस चढविला तो दोन बिशपांनीं. १८८४ सालीं बाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत होत्या, आणि त्यांनीं तरुण पुरुषांस संस्कृत शिकवावें अशी गोष्ट निघाली. लाहोरचे व मुंबईचे बिशप लगोलग आडवे आले. कारण काय, तर बाईंनीं पुरुषांस शिकविल्याचें हिंदुस्थानांत कळलें तर तेथील लोकमत बिघडेल व स्त्रियांवर त्यांचें वजन राहणार नाहीं! वाचकहो, हें कारण पुन्हां एकदां वाचा. हिंदूंच्या रूढीनें स्त्री दास्यांत पडली आहे, तिला आम्ही मुक्त करूं, असें ज्यांचें मिशन रोज सांगत होतें, त्यांनींच एका मुक्त स्त्रीच्या पायांत बेडी घालतांना त्याच रूढीचा आधार घेतला. ज्या बाईंनीं १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितसभेंत पुरुषांपुढें बोलून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ हीं बिरुदें मिळविलीं, त्यांस हिंदु लोकमत म्हणजे काय हें बिशपांनीं शिकवावयाचें! बाईंनीं उत्तरादाखल आपल्या आईचें व स्वतःचें उदाहरण पुढें केलें: आपल्या वडिलांनीं किंवा पतीनें ज्यास कधीं हरकत घेतली नाहीं, त्यास या परक्यांनीं घ्यावी याचें त्यांस नवल वाटलें. आम्हांस नवल वाटत नाहीं. पुदिना व जिरें यांचाहि दशांश मोजणाऱ्या परूश्यांना न्याय व दया यांचा विसर पडल्याबद्दल ख्रिस्तानें काय सुनावलें, तें दोघां बिशपांस खचित ठाऊक होतें. त्यांनीं त्यावर प्रवचनेंहि केलीं असतील.

कोणी म्हणेल, नियमांवांचून संघ चालत नाहीं. मान्य. वाँटेजच्या भगिनींनीं स्वतःवर घातलेले कडक नियम आम्हांस आदरणीयच वाटतात. त्या नियमांच्या बळावरच त्या आपलें घर सोडून पुण्याच्या उन्हांत राहिल्या. तक्रार एवढीच कीं नियम जेथें मोडणें सोयीचें तेथें तो मोडला जातो, आणि जेथें दुसऱ्यास वाकवावयाचें तेथें मात्र तो ईश्वराची आज्ञा होऊन बसतो. कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील याहि श्रद्धाळु ख्रिस्तीच होत्या; पण त्यांनीं बाईंच्या शंकांस शंका मानून त्यांवर पत्रोपत्रीं वाद केला. तेव्हां दोष धर्माचा, असें म्हणून हात झटकतां येत नाहीं.

येथवर वाचून आमचे जे सनातनी वाचक मिशांत हंसत असतील, त्यांस पुण्याच्या पंचहौद मिशनाची आठवण करून देणें भाग आहे. त्याच मिशनांत वाँटेजच्या भगिनी काम करीत. १८९० सालीं तेथें कांहीं प्रतिष्ठित मंडळींनीं चहाबिस्किटें घेतलीं. गोपाळराव जोशांनीं ‘पुणेवैभवां’त त्यांचीं नांवें छापविलीं आणि साऱ्या पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. १८९२ सालीं न्यायमूर्ति रानड्यांनींहि प्रायश्चित्त घेतलें. जे घरीं चोरून काय काय घेत असत, त्यांनींच या चहाच्या पेल्यांत बुडालेला धर्म वर काढण्यासाठीं सर्वांत मोठा आवाज केला, असें आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्हीं ऐकलें आहे. एकाच मिशनाच्या आंतबाहेर हे दोन प्रकार घडले: आंतल्यांस बाईंनीं न खाल्लेलें पुडिंग खुपलें, बाहेरच्यांस दुसऱ्यांनीं प्यालेला चहा!

सिस्टर जेराल्डीन यांची एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरीं घातली पाहिजे. हीं सारीं पत्रें, स्वतःस न शोभणारींहि, त्यांनींच जपून एकत्र केलीं. १९७७ सालीं तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रांत छापलीं गेलीं, म्हणून आज आम्ही हें लिहूं शकतों. आणि बाईंनीं? केडगांवास मुक्तिसदन उभारल्यावर त्यांनीं तें कोणत्याहि एका पंथाच्या दावणीस बांधलें नाहीं. शेवटचीं अनेक वर्षें हिब्रू व ग्रीक घेऊन त्या बायबलाचें भाषांतर करीत बसल्या होत्या, तें खेड्यांतील बायकांसहि समजेल अशा साध्या मराठींत. १९२२ सालीं त्यांस मृत्यु आला तेव्हां तें काम पुरें झालें होतें. छापखानाहि मुक्तिसदनाचाच होता, आणि त्यांत खिळे जुळविणाऱ्या त्या सदनांतल्याच स्त्रिया होत्या.