वापरता न येणारा वेग

मेहकरहून खामगावकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जानेफळमधून जातो. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतताना याच वाटेने येते. एरवी या रस्त्यावर सोयाबीन-कापसाच्या ट्रॉल्या, एसटी, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि शाळेला निघालेल्या सायकली असतात. याच मेहकर तालुक्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही गेला आहे आणि तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. ताशी तीनशेच्या घरात धावू शकणारी स्पोर्ट्स कार रोजच्या रस्त्यावर चालवायला घ्यावी का, हा प्रश्न तपासायला याहून चांगली जागा नाही, कारण राज्यातला सर्वांत वेगवान रस्ता आणि अगदी नेहमीचा रस्ता इथे एकाच तालुक्यात आहेत. हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याच्या धनिकांचा आहे असेही नाही. २०१० साली औरंगाबादमधल्या सुमारे दीडशे जणांनी एकत्र येऊन ६५ कोटींच्या मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या. पैसा जिल्ह्याच्या गावांतही आहे आणि हौसही आहे. तरीही माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. या गाडीत ज्या गुणासाठी पैसे मोजले जातात तो गुण सार्वजनिक रस्त्यावर वापरताच येत नाही, आणि वापरला तर त्याची किंमत गाडीत न बसलेल्या माणसाला चुकवावी लागते.

पोर्शे ९११ हे उदाहरण घेऊ. भारतात तिच्यासाठी दोन कोटींच्या आसपास रक्कम मोजावी लागते. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती चार सेकंदांच्या आसपास गाठते आणि तिचा कमाल वेग २९०च्या पुढे आहे. आता कायदा पाहा. केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर मोटारींची कमाल मर्यादा १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर रस्त्यांवर ७० आहे. म्हणजे जानेफळच्या रस्त्यावर ही गाडी दोन-तीन सेकंदांत कायद्याच्या टोकाला पोहोचते आणि पुढचे सगळे सामर्थ्य निजून राहते. जागे राहतात ते तिचे दोष. तिचा तळ जमिनीपासून जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर उंच असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे बांधलेला गतिरोधकही दहा सेंटिमीटर उंच असतो, आणि गावकऱ्यांनी अपघातानंतर वैतागून घातलेल्या गतिरोधकांना तर कुठलाच निकष नसतो. टायरची भिंत बुटकी असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो. वळणावर गाडी घट्ट राहावी म्हणून ताठ ठेवलेले सस्पेन्शन खराब डांबरावर पाठ मोडते. कायदा पाळून चालवली तर दोन कोटींची ही गाडी इथे बारा लाखांच्या गाडीपेक्षा गैरसोयीची ठरते.

यावर पहिला आक्षेप समृद्धीचा. हा रस्ता सपाट भागात ताशी १५० किलोमीटरच्या वेगासाठी आखला आहे, त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टर येत नाहीत, मग अडचण काय? अडचण अशी की आखणीचा वेग म्हणजे वळणांची त्रिज्या आणि नजरेचा पल्ला ठरवण्याचा हिशेब. चालकाला दिलेली ती मुभा नव्हे. ताशी १२० वेगाने जाणारी मोटार दर सेकंदाला ३३ मीटर पुढे सरकते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरला, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर साधी मोटार थांबायला शंभरेक मीटर लागतात. वेग २०० केला की हेच अंतर अडीचशे मीटरच्या आसपास जाते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. रात्री हेडलाइटचा झोत इतक्या दूरवर काही दाखवत नाही. पुढे फुटलेला टायर पडला असेल, एखादा थकलेला ट्रक डाव्या कडेला उभा असेल किंवा रोही आडवी आली असेल, तर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि वाचतो किती वेळ? शंभर किलोमीटरला वीस मिनिटे. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा परिसरात १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती स्पोर्ट्स कार नव्हती, पण सरळ आणि मोकळा दिसणारा रस्ता सुरक्षित असतोच असे नाही, हे बुलढाणा जिल्ह्याला कोणी नव्याने सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. या गाड्यांचे ब्रेक खरोखरच उत्तम असतात आणि टायर रस्ता घट्ट धरतात, त्यामुळे १२०वरून त्या साध्या मोटारीपेक्षा बऱ्याच कमी अंतरात थांबतात. शिवाय दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरच्या बाजूला कमी वेळ राहावे लागते. मात्र ओव्हरटेकपुरती ताकद आता फार स्वस्तात मिळते. चाकणला बनणारी महिंद्राची विजेवरची बीई ६ कंपनीच्या दाव्यानुसार ६.७ सेकंदांत शंभर गाठते आणि तिला या किमतीचा छोटासा हिस्सा पुरतो. ब्रेकचे म्हणाल, तर चालकाचा प्रतिक्रियेचा सेकंद कोणत्याही किमतीला कमी होत नाही, आणि मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकला तसे ब्रेक नसतात.

खरा प्रश्न मात्र गाडीच्या बाहेरचा आहे. रस्ता ओलांडणारा प्रत्येक माणूस येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज सवयीने बांधतो. शेतातून मोटारसायकल बाहेर काढणाऱ्याला ठाऊक असते की इतक्या अंतरावरची मोटार इथे यायला अमुक वेळ लागेल. दीडशेने येणारी गाडी हा सगळा अंदाज खोटा ठरवते, आणि चूक त्याची नसताना जीव त्याचा जातो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. सरकारी नोंदीनुसार त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होते आणि जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणारा होता. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे पोर्शेची धडक बसून मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या गाडीची नोंदणीही १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्याने अपुरी होती. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण नियम मोडणाऱ्याला रोखायला आपल्याकडे काय आहे? वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल हलक्या मोटारीला कायद्यात १,००० ते २,००० रुपये दंड आहे. दोन कोटींच्या गाडीच्या मालकाला या रकमेची भीती वाटण्याचे कारण नाही.

‘पैसा आमचा, हौस आमची’ हा शेवटचा आक्षेप. हौसेला माझा विरोध नाही. उत्तम यंत्राचे प्रेम ही चांगली गोष्ट आहे आणि वेगाची ओढ माणसाला स्वाभाविक आहे. पण तिची जागा ट्रॅकवर आहे. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास सर्किट आहे, ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वनच्या शर्यती झालेला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट आहे. तिथे समोरून कोणी येत नाही, कडेला सुटण्याची मोकळी जागा असते, आणि हेल्मेट घालून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकता येते. नारायण कार्तिकेयन कोइम्बतूरमधूनच फॉर्म्युला वनपर्यंत गेला. महाराष्ट्रातही नाशिक-पुण्याकडे रॅलीची परंपरा आहे. ज्याला खरोखर चालवायला शिकायचे आहे, त्याला अशा ठिकाणी काही दिवसांत जे कळेल ते महामार्गावर पाच वर्षे गाडी पळवून कळणार नाही, आणि खर्चही स्पोर्ट्स कारच्या मानाने नगण्य येईल.

राज्य सरकारने जुलै २०२५पासून एका मोटारीवरील एकरकमी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर नेली आहे. महागड्या गाड्यांतून एवढा महसूल घेणाऱ्या सरकारने त्यातला काही भाग सामान्य हौशी चालकालाही परवडेल अशा सार्वजनिक ट्रॅकवर खर्च करावा, आणि त्याआधी मेहकर-खामगावसारख्या रस्त्यांवरच्या प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्ट्या लागतील याची सोय करावी. ज्यांनी स्पोर्ट्स कारसाठी पैसे बाजूला काढले आहेत, त्यांना एवढीच विनंती आहे की शोरूममध्ये सही करण्याआधी एकदा ट्रॅकवर जाऊन या.