सावेडीच्या आसपासच्या वाटा

नगर जिल्ह्यातील मुलांना कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड ही नावे मुखोद्गत असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु सावेडीत वाढणाऱ्या मुलाला आपल्याच शहराभोवतीच्या टेकड्या केवळ मोटारीच्या खिडकीतून ठाऊक असाव्यात, ही गोष्ट खेदाची म्हटली पाहिजे.

सावेडी हे एके काळी नगराबाहेरचे खेडे होते. आज ते शहराचे गजबजलेले उपनगर आहे. घरे वाढली, भिंती उठल्या आणि कित्येक पायवाटा कुंपणांआड गेल्या. पायवाट कोणी बांधीत नाही. माणसे चालतात म्हणून ती असते. चालणे थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत गवत तिला गिळून टाकते. मग तेथे वाट होती, हे सांगणारेही कोणी उरत नाही.

नगरच्या पूर्वेस सुमारे 13 किलोमीटरांवर, डोंगरमाथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः तो महाल नव्हे, आणि चांदबिबीचाही नव्हे. निजामशाहीतील मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीने 1595-96 मध्ये मोगलांशी झुंज दिली, ती खाली नगरच्या किल्ल्यात. वाहनाने वर येणारा पाहुणा चार छायाचित्रे घेतो आणि ते चुकीचे नाव घेऊनच परततो. चढ चढून आलेला मात्र धापा टाकीत सावलीला टेकतो, तळघरातील थडग्यांकडे पाहतो, आणि महालात थडगी कशी, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. पाय थकले म्हणजे डोळे उघडतात असे नव्हे. पण त्यांना वेळ तरी मिळतो.

उत्तरेस डोंगरगण आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या रुक्ष मुलखात तेथे महादेवाच्या देवळापाशी झरे वाहतात. जवळच मांजरसुंब्याचा गड. त्यावर पाण्याची टाकी आहेत. जुन्या वाटा पाण्याच्या मागाने का जात, हे भूगोलाच्या पानापेक्षा तेथे लवकर उमगते.

चालण्यात वेळ फुकट जातो, असे कित्येक वडीलधारी म्हणतात. त्यांनीच मुलांसोबत एकदा निघावे. आश्विन-कार्तिकात तरवडाची पिवळी फुले अजून असतात आणि ऊन सोसवते. कुसळे मात्र कपड्यांना चिकटणारच.