इमारतीआधी तिसऱ्या वर्षाचा हिशोब

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेल्यापासून गावोगावी प्राणी निवाऱ्यांची चर्चा सुरू झाली आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयाने निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास परवानगी दिली. रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांना मात्र ती सवलत नाही. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथे सोडू नयेत, असे सांगितले. ही कुत्री ठेवायची कुठे, याचे उत्तर आज बहुतेक नगरपालिकांकडे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री आणि ५० लाखांवर मोकाट गुरे मोजली गेली होती. त्या मानाने निवारे आणि धर्मादाय दवाखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

अशा वेळी गावातली चार प्राणिप्रेमी मंडळी एकत्र येतात, कोणी जागा देऊ करतो आणि सगळे मिळून आपल्या पशुवैद्यकांपैकी कोणाच्या तरी दवाखान्यात येतात. "डॉक्टर, जागा मिळाली आहे. तुम्ही फक्त हो म्हणा, निधी आम्ही उभा करतो." ही मंडळी प्रामाणिक असतात, तळमळीची असतात. त्यांना हो म्हणावे, असेच आमचे मत आहे. पण हो म्हणण्याआधी पशुवैद्यकाने एक काम केले पाहिजे, आणि ते त्याच्याशिवाय दुसरे कोणी करू शकत नाही: निवारा सुरू झाल्यानंतर तिसऱ्या वर्षी दरमहा किती खर्च येईल, हे कागदावर मांडून दाखवणे.

आपल्याकडे इमारतीसाठी देणगी मिळते. कोनशिलेवर नाव कोरता येते, उद्घाटनाला पाहुणे येतात, शस्त्रक्रियेच्या टेबलावर दात्याच्या आईवडिलांची नावे घालता येतात. मदतनिसाच्या पगारावर, पार्व्होच्या पिल्लाला लावलेल्या सलाईनवर किंवा फिनेलच्या कॅनवर कोणाचे नाव येत नाही. म्हणून निधिसंकलनाची पत्रके इमारतीचा खर्च सांगतात आणि चालवण्याचा खर्च "लोकसहभागातून" या एका शब्दावर सोडून देतात. अनेक निवारे अडखळतात ते याच शब्दापाशी.

एक साधा हिशोब करून पाहू. समजा, तालुक्याच्या गावी ६० कुत्र्यांचा निवारा आणि त्याला जोडून छोटा दवाखाना आहे. पूर्णवेळ पशुवैद्यक ६० हजार, दोन पशुधन पर्यवेक्षक मिळून ४० हजार, चार मदतनीस मिळून ६० हजार. प्रत्येक कुत्र्याला रोज ५० रुपयांचे खाणे धरले तर महिन्याला ९० हजार. औषधे, लसी आणि शस्त्रक्रियेचे साहित्य ६० हजार. वीज, पाणी आणि रुग्णवाहिकेचे इंधन ४० हजार. जैववैद्यकीय कचरा, डागडुजी आणि लेखापरीक्षण ३० हजार. बेरीज होते महिन्याला ३ लाख ८० हजार, वर्षाला ४५ लाख ६० हजार. हे आकडे नमुन्याचे आहेत; वाचकांनी आपापल्या गावचे दर घालून पाहावेत. पण निष्कर्ष फारसा बदलणार नाही. इमारत ७५ लाखांत उभी राहिली, तर दोन वर्षांच्या आत चालवण्याचा खर्च तिला मागे टाकतो आणि त्यानंतर तो थांबत नाही. देणगीदारापुढे इमारतीचा आकडा ठेवायचा आणि हा दुसरा आकडा झाकायचा, हे त्याच्यावरही अन्यायाचे आहे आणि त्या प्राण्यांवरही.

आपल्या पूर्वसूरींना हे कळलेले होते. १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईत दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. धनिकांनी मोठ्या रकमा दिल्याच, पण व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वेच्छेने 'लागा' बसवून घेतला. माल विकला गेला की थोडासा पैसा पांजरापोळीकडे जायचा. म्हणजे उत्पन्न एका दिवसाच्या औदार्यावर अवलंबून राहिले नाही, ते रोजच्या व्यवहारात मुरले. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८० च्या दशकात पेटिट घराण्याच्या दानातून उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयाला प्रशिक्षित हात मिळाले, विद्यार्थ्यांना रुग्ण मिळाले. २०२४ मध्ये महालक्ष्मीला महापालिकेच्या जागेवर टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभे राहिले, याचा आनंद आहेच. पण जालना किंवा कुडाळला असा एक दाता भेटणार नाही. तिथे भुलेश्वरचाच मार्ग धरावा लागेल: थोडे, पण नियमित, आणि पुष्कळांकडून.

आजचा लागा म्हणजे बँकेतून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कम. महिन्याला ३०० रुपये देणारी ५०० माणसे मिळाली तर दीड लाख जमतात. वरच्या हिशोबातला पशुवैद्यक, दोन पर्यवेक्षक आणि तीन मदतनीस यांचे पगार निघतात. तालुक्यात ५०० माणसे शोधणे अवघड असेल, अशक्य नाही. आपल्या दवाखान्यात कुत्री-मांजरी घेऊन येणाऱ्या पालकांची यादी तरी कुठे लांब आहे? भूमिपूजनाआधी निदान एवढे मासिक देणगीदार नोंदवले गेलेच पाहिजेत. लोक दरमहा द्यायला तयार नसतील, तर इमारत बांधण्याची वेळ अजून आलेली नाही, असे स्पष्ट सांगावे.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा दुसरा मोठा स्रोत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यासाठी न्यासाची सीएसआर-१ नोंदणी हवी, प्राप्तिकराच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या हव्यात आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणून कालपरवा नोंदवलेल्या न्यासाने सीएसआरच्या भरवशावर योजना आखू नये. शिवाय बहुवर्षीय प्रकल्पालाही सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांची मर्यादा आहे. तेव्हा सीएसआरमधून क्ष-किरण यंत्र, भुलीचे यंत्र, रुग्णवाहिका, सौर पॅनेल घ्यावेत. पगार त्यावर टांगू नयेत.

नगरपालिकेकडून निर्बीजीकरणाचे काम घेणे हा तिसरा मार्ग. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. काम करणाऱ्या संस्थेला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता लागते. देयके वेळेवर निघत नाहीत हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे, म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच हे काम घ्यावे. कमी दरात जास्त शस्त्रक्रिया उरकण्याच्या दबावाला कोणीही बळी पडू नये. शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस कुत्रे देखरेखीखाली ठेवायचे असते, आणि त्या चार दिवसांचा खर्च दरात धरलेला नसेल तर निविदा भरूच नये.

चौथा मार्ग म्हणजे दवाखान्याचे स्वतःचे उत्पन्न. पाळीव प्राण्यांसाठी रास्त शुल्क आणि बेवारस प्राण्यांसाठी मोफत सेवा, ही रचना सर्वांत टिकाऊ ठरते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागत नाही. मात्र सार्वजनिक उपयोगितेचे काम करणाऱ्या न्यासाला शुल्कातून मिळणाऱ्या उत्पन्नावर प्राप्तिकर कायद्यात एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणून सनदी लेखापालाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. परदेशस्थ मराठी बांधवांकडून मदत घेताना आणखी एक पथ्य आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्ताची देणगी परदेशी देणगी नियमन कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय स्वीकारणे हा गुन्हा आहे, मग रक्कम कितीही लहान असो.

मोठी एकरकमी देणगी मिळाली तर ती भिंतींत घालू नये. दात्याकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असे लेखी घ्यावे, ती कायद्याने मान्य केलेल्या ठेवींत गुंतवावी आणि व्याजावर एका पर्यवेक्षकाचा पगार भागवावा. दात्याचे नाव त्या पदाला द्यावे. शस्त्रक्रियागृहाच्या दारावरच्या पाटीपेक्षा हा मान कमी नाही, हे त्याला पटवून देण्याची जबाबदारी आपली.

आता खास आपल्या विद्येचा भाग. निवाऱ्याची क्षमता खोल्यांच्या संख्येवर ठरत नाही, मुक्कामाच्या दिवसांवर ठरते. ६० जागा आणि सरासरी ३० दिवसांचा मुक्काम असेल तर वर्षाला साधारण ७३० प्राणी पाहता येतात. तोच मुक्काम १५ दिवसांवर आला, तर त्याच भिंतींत आणि जवळपास तेवढ्याच पगारात १,४६० प्राणी. म्हणून दुसरी इमारत मागण्याआधी लवकर निदान, वेळेवर शस्त्रक्रिया आणि दत्तक देण्यासाठी एक माणूस यांवर पैसा मागावा. न्यायालयाच्या आदेशाने कायमची मुक्कामी येणारी कुत्री असतील, तर त्यांचा हिशोब वेगळा मांडावा आणि तो नगरपालिकेने उचलावा, असे करारातच लिहून घ्यावे. तसे न केल्यास वर्षभरात सगळ्या जागा भरतील आणि अपघातात सापडलेल्या कुत्र्यासाठी जागा उरणार नाही.

आराखड्यातही पशुवैद्यकाने हट्ट धरावा. पार्व्होचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. विलगीकरण कक्ष, त्याचे वेगळे गटार, न शोषणारी फरशी आणि वेगळी भांडी-झाडू ही चैन नव्हे. खर्च कापायची वेळ आली की सर्वांत आधी याच गोष्टींवर फुली पडते आणि पहिल्याच साथीत पिल्ले मरू लागतात. रेबीज संशयितांसाठी स्वतंत्र पिंजरा आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला, अगदी झाडूवाल्यालाही, रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस या दोन गोष्टींवर तडजोड नको. त्या परवडत नसतील तर केंद्र सुरू करू नये.

निधी मागण्याच्या पद्धतीबद्दलही बोलले पाहिजे, कारण त्यात आपली सही असते. जखमी प्राण्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरवून कोणाच्या तरी खासगी खात्यात पैसे गोळा करण्याची प्रथा वाढली आहे. हेतू चांगला असला तरी यातून लोकांचा विश्वास झिजतो. उपचाराचा अंदाजपत्रकी खर्च पशुवैद्यकाने आपल्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह द्यावा. पैसे संस्थेच्या खात्यात जावेत आणि पावती निघावी. प्राणी दगावला किंवा रक्कम उरली तर ती कशासाठी वापरली जाईल, हे आवाहनातच छापावे. दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला ८०-जीची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. आणि वाचण्याची आशा नसलेल्या, वेदनेने तळमळणाऱ्या प्राण्याला केवळ आवाहन चालू आहे म्हणून जिवंत ठेवू नये. त्या क्षणी निर्णय देणगीदाराचा नाही, स्वयंसेवकाचाही नाही. तो आपला आहे.

मोजून दाखवलेल्या कामाला पैसा मिळतो, याचे उत्तम उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. मिशन रेबीजने २०१४ मध्ये तिथे काम सुरू केले. राज्य सरकार बरोबर आले, गल्लीगल्लीतले लसीकरण मोबाइल ॲपवर नोंदवले गेले आणि वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस मिळू लागली. २०१८ पासून तीन वर्षे राज्यात माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. सरकारने तिथे पैसा दिला तो करुण छायाचित्रे पाहून नव्हे. कोणत्या वाड्यात किती कुत्र्यांना लस मिळाली, हे रोज दिसत होते म्हणून. आपल्या निवाऱ्यानेही दरमहा एक पान छापावे: किती आले, किती बरे होऊन गेले, किती दत्तक गेले, किती दगावले, किती खर्च झाला. दगावलेल्यांचा आकडा लपवू नये. खरा आकडा सांगणाऱ्या संस्थेवर लोक दीर्घकाळ विश्वास ठेवतात.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालचे २००१ चे नियम प्रत्येक जिल्ह्यात प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था असावी, तिच्याकडे रुग्णालय आणि निवारा असावा, असे सांगतात. ते प्रत्यक्षात आणण्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे जाणे, जागेचा आग्रह धरणे, हे आपल्या संघटनांचे काम आहे. खासगी निवारे त्याला पूरक असावेत, पर्याय नव्हेत.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या भागात निवाऱ्याची योजना शिजत असेल तर येत्या महिन्यात त्या मंडळींबरोबर बसा, चालवण्याचा तीन वर्षांचा खर्च बाबवार मांडा आणि निधिसंकलनाच्या पत्रकावर तो इमारतीच्या खर्चाच्या वर छापायला लावा. त्या हिशोबाखाली आपले नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. तो पाहून काही देणगीदार मागे फिरतील. जे थांबतील, त्यांच्या जोरावर निवारा तिसऱ्या वर्षीही चालू राहील.