राउंडवर आजोबांना चालवून पाहा

म्हैसूरहून टी. नरसीपूरच्या रस्त्याला लागलं की वरुणा येतं. सिद्धरामय्यांचा मतदारसंघ म्हणून गावाचं नाव पेपरांत असतं. आपला संबंध वेगळा. नीट-पीजीच्या फेऱ्यांत म्हैसूरला जागा मिळालेली मराठी मुलंही असतात, आणि अशा गावांतून आलेले सत्तरी उलटलेले पेशंट त्यांच्या वाट्याला येतात. 2011 च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण कर्नाटकात 9.5 टक्के होतं, महाराष्ट्रात 9.9. म्हणजे हा प्रश्न तिकडचा म्हणून सोडून द्यायची सोय नाही.

म्हैसूरला वार्धक्याचा अभ्यास नवा नाही. तिथल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटलात 1934 पासूनच्या बाळंतपणांच्या नोंदी जपलेल्या होत्या. ती बाळं पुढे मोठेपणी शोधून काढून जन्माच्या वेळचं वजन आणि उतारवयातली प्रकृती, स्मरणशक्ती यांचा संबंध संशोधकांनी तपासला. संशोधनाला म्हातारी माणसं सापडली; रेसिडेंटच्या शिक्षणाला ती अजून सापडायची आहेत.

नेहमीची केस घ्या. आजी पडल्या, डोक्याला खोक. सीटी नॉर्मल, टाके घातले, केसपेपरवर कारण काय, तर ‘घरी पडल्या’. त्यांची औषधांची पिशवी खाटेवर उलटी करायला कुणाला वेळ नसतो. केली तर त्यात अ‍ॅम्लोडिपिन निघतं. त्यानं पाय सुजले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, तीही संध्याकाळी. रात्री तीन-चारदा उठणं आलं. खाज येते म्हणून तिसऱ्यांनी दिलेली क्लोरफेनिरामिन होतीच; तिच्या गुंगीत, अंधारात, मोरीच्या उंबऱ्याला पाय अडखळला. तिघांचंही प्रिस्क्रिप्शन आपापल्या जागी बिनचूक. पण ही साखळी ओळखायला रेसिडेंटला शिकवलं कुणी?

बरं, याला यंत्र लागत नाही. झोपवून बीपी घ्या, उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर नोंद करा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला सांगा आणि घड्याळ लावा. बारा सेकंदांपुढे गेलं तर पडण्याचा धोका धरायचा. आमच्या वॉर्डांत मात्र पेशंट खाटेवरच तपासला जातो आणि खाटेवरूनच डिस्चार्ज होतो. तो चालतो कसा, हे युनिटमध्ये फक्त मावशींना ठाऊक असतं.

स्मरणशक्तीच्या चाचणीचं तर विचारूच नका. वाक्य लिहून दाखवा, उलटी वजाबाकी करा, असं शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना विचारून आपण त्यांना नापास करतो. उत्तर भारतात निरक्षरांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवावी लागली ती यामुळेच. वरुणाकडून आलेल्या अज्जींपुढे बसलेल्या मराठी मुलाची अडचण दुहेरी. कन्नड येत नाही, म्हणून सून दुभाषी होते. मग कपड्यांत लघवी होते का, घरी जेवायला वेळेवर मिळतं का, हे प्रश्न विचारले तरी खरं उत्तर यायचं नाही. परराज्यात जाणाऱ्यांनी निदान एवढे प्रश्न तिथल्या भाषेत पाठ करावेत.

स्वतंत्र शाखा हवीच. मद्रास मेडिकल कॉलेजात वृद्धवैद्यकाचं एमडी 1996 ला सुरू झालं; राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम 2010 मध्ये आला, आणि त्यातलं एक प्रादेशिक केंद्र मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला मिळालं. पण वृद्धवैद्यकाचा एमडी प्रत्येक तालुक्याला मिळणार कधी? म्हातारा पेशंट मेडिसिन, ऑर्थो, सर्जरी, नेत्र अशा सगळ्याच ओपीड्यांत बसलेला आहे. तेव्हा शिकवायचं ते सगळ्याच रेसिडेंटांना.

जागा तयार आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीत काढावे लागतात. बरेचदा तो रिकाम्या पदावर मिळालेला आयता माणूस ठरतो. ड्यूट्या लागतात, सह्या होतात, संपलं. त्या तीन महिन्यांत आठवड्यातून एक दुपार आशाताईंबरोबर घरी जाऊन म्हातारा पेशंट पाहायला लावा. मोरी, उंबरा, दिव्याचं बटण आणि औषधांचा डबा एका भेटीत दिसतो.

परीक्षेत नाही ते कुणी वाचत नाही, हे आपण शिक्षक जाणतो. म्हणून आरोग्य विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर असलेल्या वाचकांना विनंती: एमडी मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला एक लाँग केस सत्तरीपुढची ठेवा, आणि चालणं, औषधं, स्मृती व घरची काळजी यांना स्वतंत्र गुण द्या. बाकीच्यांनी मंडळाची वाट पाहू नये. उद्याच्या राउंडला एका आजोबांना खाटेवरून उठवून चालवा.