भूकंप, सिंहासने आणि आपली भाबडी गणिते

भूमी हादरली की सिंहासन हादरते, हा समज फार जुना आहे. परंतु जुना समज आकड्यांचा अंगरखा घालून दाराशी आला की सुशिक्षितही उठून त्याला आसन देतात. सध्या आपल्या कुटुंबांत जी यादी हातोहात फिरत आहे, तिच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. एका रकान्यात भूकंपाची तारीख, दुसऱ्यात स्थळ, तिसऱ्यात कोसळलेले सरकार, आणि तळाशी ‘यालाही योगायोगच म्हणायचे काय?’ असा खोचक प्रश्न. होय, बहुतांशी योगायोगच म्हणायचे! आणि तसे का म्हणायचे, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ही यादी आता मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातही वाचली जाते आणि तिला मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायाची जोड दिली जाते.

यादीत महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले मानाचे स्थान अर्थातच किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेश विसर्जन करून माणसे नुकतीच निजली असताना, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे दगावली. यादीकार म्हणतात, त्याच वर्षी मुंबईत दंगली झाल्या, बॉम्बस्फोट झाले, मुख्यमंत्री बदलले. नंतर भूकंप झाला आणि १९९५ च्या मार्चमध्ये सत्तांतर झाले. वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण १९९० मध्ये निवडून आलेल्या विधानसभेची निवडणूक १९९५ मध्ये व्हायचीच होती, हे या यादीत कोठेच नाही. ज्या राज्यात दर पाच वर्षांनी मतपेटी उघडते, तेथे कोणत्याही दिवशी भूकंप झाला तरी एखादी निवडणूक मागे किंवा पुढे अडीच वर्षांच्या आत सापडणारच. त्यातच जगाचा हिशेब मांडला तर सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे सरासरी पंधरा-सोळा भूकंप दरसाल होतात आणि सहाच्या पुढचे शंभराहून अधिक. सरकारेही दरसाल पडतातच. दोन्ही टोपल्या अशा भरलेल्या असताना जोड्या जुळवणे हा काही दिव्यदृष्टीचा प्रांत नव्हे.

आणि न जुळलेल्या जोड्यांचे काय? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली. कोयनेची वीज खंडित होऊन मुंबईपर्यंत काळोख पसरला. वसंतराव नाईक त्यापूर्वी चार वर्षे मुख्यमंत्री होते आणि त्यानंतर सात वर्षे राहिले. ही तारीख यादीतून वगळली आहे. वास्तविक राजकारण आणि भूकंप यांचा खराखुरा संबंध पाहायचा असेल तर तो कोयनेसच पाहावा, मात्र उलट्या दिशेने. १९६२ मध्ये तेथील जलाशय भरू लागला आणि त्या परिसरात धक्के जाणवू लागले. जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशी तेथील धक्क्यांचा संबंध शास्त्रज्ञांनी दाखवून दिला असून, धरणामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. पाण्याचा भार पडतो, पाणी भेगांतून खोल झिरपते आणि आधीच ताणलेला खडक सरकतो. येथे भूकंपाने सरकार हलले नाही. सरकारी निर्णयाने बांधलेल्या धरणाने भूमी हलली. यादीकारांना ही गोष्ट रुचणार नाही, कारण तीत गूढ काही नाही आणि जबाबदारी मात्र आहे.

गेल्या हिवाळ्यात धर्मग्रामातील तरुण मंडळींबरोबर आम्ही मळवलीहून भाजे मार्गे लोहगडवाडीस गेलो होतो. एका घरी पिठले-भाकरी होईपर्यंत आमच्यातील एकाने तीच यादी मोठ्याने वाचून दाखविली. चुलीपुढच्या आजीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सरकार पडंल नायतर ऱ्हाईल, पण पावसाळ्यात डोंगर सुटला तर काय, त्ये लिवलंय का त्यात?” उत्तर कोणापाशीच नव्हते. माळीण याच पुणे जिल्ह्यातले. ३० जुलै २०१४ रोजी तेथे दीडशेवर माणसे दरडीखाली गाडली गेली. घाटापलीकडच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री तोच प्रसंग ओढवला. डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या बाईने पृथ्वीविषयी योग्य तो प्रश्न विचारला होता.

त्या घरावर ज्या किल्ल्याची सावली पडते, त्याची सत्तांतरे यादीकारांनी जरूर तपासावीत. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने लोहगड मोगलांकडे गेला, १६७० मध्ये स्वराज्यात परत आला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. वेढा, तह, फितुरी, तोफा ही त्यामागची कारणे. इतिहासाला तेवढी पुरली.

भूकंपाचे राजकीय पडसाद उमटतच नाहीत, असे मात्र आम्ही म्हणत नाही. चीनमध्ये २८ जुलै १९७६ रोजी तांगशान शहर कोसळले आणि ९ सप्टेंबरला माओ गेले, हे यादीतले लाडके उदाहरण निरर्थक आहे. माओ त्याआधीच दुर्धर आजाराने खंगले होते. पण मानाग्वाचे तसे नाही. २३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची ही राजधानी उद्ध्वस्त झाली, जगभरातून मदत आली, आणि सोमोझा व त्याच्या हस्तकांनी ती गिळली. तेथील आर्चबिशप ओबांदो ई ब्राव्हो यांच्यासारखी माणसे उघड विरोधात गेली. १९७९ मध्ये सोमोझाला पळून जावे लागले. त्याचे आसन भूकंपाने नव्हे, चोरीने डळमळले. गुजरातेत २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर ऑक्टोबरात मुख्यमंत्री बदलले, त्यामागे मदतकार्यावरील टीका होती आणि पोटनिवडणुकांतील पराभवही होते. उलट तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली आणि मे महिन्यात तेच राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडून आले. नियम शोधणाऱ्याने येथे काय करावे?

आता श्रद्धेच्या बाजूने. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, माणसे चर्चमध्ये असताना लिस्बन कोसळले. येशूसंघीय फादर मालाग्रिदा यांनी हा पापांचा दंड असल्याचे प्रतिपादन केले. मंत्री पोम्बाल यांना बांधकाम हवे होते, पश्चात्तापाची मिरवणूक नको होती. १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगालमधून हाकलण्यात आले, गोव्यातही त्यांना अटक झाली, आणि १७६१ मध्ये वृद्ध मालाग्रिदांना भर चौकात ठार करण्यात आले. पोम्बाल क्रूर होता. तथापि भूकंपाच्या प्रश्नात मालाग्रिदांचे चुकले, हे कबूल करण्यास आम्हां धर्मगुरूंना संकोच वाटू नये. आपल्याकडे १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपास महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक असूनही रवींद्रनाथ ठाकूरांनी त्याचा जाहीर प्रतिवाद केला. हेतू थोर असला तरी ढिगाऱ्याखालच्या बालकाला आरोपी करता येत नाही.

प्रभू येशूने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी नव्हते, असे त्याने स्पष्ट बजावले. पश्चात्ताप करायचा तो ऐकणाऱ्यांनी. चोविसाव्या अध्यायात भूकंपांचा उल्लेख आहे खरा, पण तेथेच घाबरू नका असा आदेश आहे, आणि तो दिवस कोणासही ठाऊक नाही असेही आहे. प्रभूच्या मरणसमयी भूमी कापली, असे मत्तय सांगतो; त्यावरून पिलाताची सुभेदारी किती दिवस टिकेल याचे गणित कोणा प्रेषिताने मांडल्याचे आमच्या वाचनात नाही.

किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे त्याहून मोठा भूकंप झाला. तोही पहाटेच. मृत्यू साठच्या आसपास. किल्लारीची घरे मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींची होती आणि वर माळवदाचा भार. म्हणून यादीत चौथा रकाना घालावा, अशी आमची सूचना आहे: भिंती कशाच्या होत्या?

आमच्या धर्मग्रामाचे सभागृह जुने आणि दगडी आहे. त्याच्या मागील भिंतीस चीर गेली आहे. येत्या महिन्यात अभियंता येऊन ती तपासणार आहे. त्याचा अहवाल आला की आम्ही तो चर्चच्या फलकावर लावू. कोणी ती यादी चौथा रकाना भरून आणली, तर तीही शेजारी लावू.