फळीवरची झोप

अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात तिन्ही भिंतींत मिळून बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत डोंगरातच कोरलेले दोन ओटे. भिक्षू त्यांवर झोपत. उंच, ऐसपैस बिछाना वर्ज्य करणं हा त्यांच्या शीलाचा भाग होता. दगडाला पाठ टेकायची ती मोह सुटावा म्हणून, मणक्याला बरं वाटावं म्हणून नव्हे.

कठीण अंथरुणाला आपल्याकडे मान आहे तो असा वैराग्याचा. व्रत असो की सुतक, जमिनीवर निजायचं. विसाव्या शतकात हाच मान औषध म्हणून परत आला. पाठ धरली, की फळीवर झोपा.

माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं गेलं. जुन्या दाराची फळी जमिनीवर टाकून वर सतरंजी अंथरली. ते उताणे पडले की कंबर आणि फळी यांच्यामधून हात सहज आरपार जायचा. आई रात्री त्या पोकळीत जुन्या लुगड्याची घडी सारायची, गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी द्यायची आणि सकाळी दोन्ही उचलून ठेवायची, कारण मऊ काही चालणार नाही अशी ताकीद होती. तिचं बरोबर होतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही.

कणा फळीसारखा सरळ नसतोच. मानेशी आणि कंबरेशी तो पुढे वळतो, मधे मागे. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबून पाणी सोडतात आणि आडवं झाल्यावर ते परत शोषून घेतात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच भरतो तो त्यामुळेच. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात चकतीत सुई घालून दाब मोजला. तो उभ्यापेक्षा बसल्यावर जास्त आणि पडल्यावर सगळ्यांत कमी भरला.

म्हणून पडूनच राहावं, असंही नाही. लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच अंथरुणाला खिळण्याचे धोके लिहून ठेवले होते. १९८६ साली अमेरिकेत पाठदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस विश्रांती सांगितली गेली. सात दिवसवाल्यांना जास्त आराम पडला नाही, त्यांचे कामाचे दिवस मात्र जास्त बुडाले. आणि २००३ साली स्पेनमधल्या ३१३ जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर गाद्यांचीच परीक्षा झाली. ९० दिवसांनी कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं अधिक कमी झालं होतं.

मध्यम गादी आपल्या घरात होतीच. पिंजारी दारात बसून धनुकलीने बसका कापूस पिंजायचा, गादी पुन्हा भरून द्यायचा. मधे खड्डा पडेपर्यंत वापरायची वस्तू नव्हती ती. आता फोमच्या गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ छापलेलं असतं. त्या छापाने कंबरेखालची पोकळी भरत नाही. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि कान यांच्यातलं अंतर भरेल एवढी उशी आणि गुडघ्यांत एखादी घडी लागते. उताण्याला आईची वळकटी पुरे. पालथं झोपल्यावर मान रात्रभर एकीकडे पिळलेली राहते.

हे सगळं लिहिताना मला कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची तात्पुरती झोपडी, दिसते. ऊसतोडणीचे मजूर दिवसभर वाकून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरतात आणि रात्री नांगरटीच्या ढेकळांवर प्लास्टिकचा कागद टाकून वर चादर अंथरतात. भिक्षूने दगड निवडला होता. या मजुरांनी ढेकळं निवडलेली नाहीत. त्यांच्या झोपेला काटकपणा म्हणून गौरवणं आपण थांबवायला हवं. कोयते आणि गाड्यांच्या हिशेबात माणशी एक भरलेली गादी आणि ती जमिनीच्या ओलीपासून वर राहील अशी बाज, एवढा खर्च या हंगामापासून धरावा.